‘लगान’मधील चुका : कुसळ आणि मुसळ

खेळावरील चित्रपट पाहताना त्यातील चुका शोधणे हाही एक खेळच असतो. आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘लगान’ (२००१) या विनोदाची पखरण असलेल्या हिंदी क्रीडापटाबाबत तो विशेष रंगतो. आम्हीही तो खेळलो, आणि खेळता खेळता अंतर्मुख झालो.

कथा १८९३ सालची. चंपानेरच्या गावकऱ्यांनी इंग्रजांना क्रिकेटमध्ये हरवले तर तीन वर्षांचा सारा माफ, हरले तर तिप्पट, अशी ही पैज. सामन्यातील षटक सहा चेंडूंचे दाखविले आहे. वास्तविक १८८९ पासून १८९९ पर्यंत इंग्लंडमध्ये षटक पाच चेंडूंचे होते. सहा चेंडू आले ते १९०० साली. अखेरच्या षटकाराचेही तसेच. चेंडू सीमारेषेवरून गेला की सहा धावा, हा नियम तेथे १९१० साली रूढ झाला. तत्पूर्वी त्यासाठी चेंडू मैदानाबाहेरच जावा लागे.

या चुका आम्ही क्षम्य मानतो. कोंबड्यांमागे धावून सरावलेला भुरा झेल घेतो आणि भविष्य सांगणारा गुरन इंग्रज गोलंदाजाला डिवचतो, तेव्हा हसणारा प्रेक्षक चेंडू मोजत बसत नाही. त्याला ओळखीचाच खेळ दाखविणे कथेच्या सोयीचे होते.

अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याला मात्र दुसरीच गोष्ट खटकेल. चित्रपटात आरंभी मेघ दाटून येतात आणि न बरसताच निघून जातात. त्यानंतर पैज लागते, सरावाला तीन महिने मिळतात, आणि सामना जिंकताच पाऊस कोसळतो. मृगाचा हिशेब धरला तर हा पाऊस उत्तरा-हस्ताच्या सुमारास येतो. तोवर कपाशीच्या पेरणीची वेळ कधीच टळून गेलेली असते. सारा माफ झाला तरी त्या वर्षीचे खरीप हातचे गेले. फार तर रब्बीची आशा उरली. पडद्यावरील आनंदोत्सवात या नुकसानीचा उच्चारही नाही. शेतकऱ्याच्या कथेत ही चूक चेंडूंच्या हिशेबाहून मोठी आहे.

तरीही सर्वांत गंभीर उणीव आम्हांस कचरा या अस्पृश्य तरुणाच्या चित्रणात दिसते. त्याच्या अधू हाताने चेंडू वळतो, हे ध्यानी येताच भुवन त्याला संघात घेतो. गावकरी विरोध करतात. भुवन त्यांना माणुसकीचे खडे बोल सुनावतो, आणि तो प्रसंग खरोखर उदात्त आहे. परंतु स्वतः कचरा जवळजवळ मूकच राहतो. त्याच्या हातून चेंडू वळला नसता तर गावाने त्याला जवळ केले असते काय? हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला तो त्याच्या उपयोगाकडे पाहून नव्हे. आपल्या धर्मग्रामात मात्र गोड गळ्याला गायनवृंदात आणि सढळ हाताला समितीत सहज जागा मिळते. ज्याच्यापाशी देण्याजोगे काहीच नाही, तो मिस्सानंतर कोणाशी बोलतो, हे आपण पाहतो काय?

वाचकहो, षटकातील एका चेंडूचे कुसळ आम्हांला चटकन दिसले. हे मुसळ दिसायला मात्र चित्रपट पुनःपुन्हा पाहावा लागला, आणि ते केवळ चित्रपटाच्याच डोळ्यात आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.