डिझाईन फ्री

डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेर पडलं की दहा मिनिटांत निदान एक तरी वाढदिवसाचा फ्लेक्स भेटतो. आपण तो वाचत नाही, त्याच्याखालून जातो. एकदा थांबून नीट वाचून पाहा. उजवीकडे उत्सवमूर्ती, गॉगल लावून, फोन कानाला. वरच्या बाजूला गोल चौकटींत नेते. जितका मोठा नेता तितका वर. नाव सोनेरी, त्याला पांढरी कड, कडेला काळी सावली, मागून किरणं. आणि तळाला ओळीने शुभेच्छुक. वीस, पंचवीस, कधी चाळीस चेहरे आणि प्रत्येकाखाली नाव. ते नाव रिक्षातून तर सोडाच, समोर उभं राहूनही वाचता येत नाही.

असा फ्लेक्स दिसला की आपण लगेच 'अभिरुची' हा शब्द काढतो. मला तो इथे फारसा उपयोगी वाटत नाही. अभिरुची म्हटलं की दोष करणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो आणि आपण नाक मुरडून मोकळे होतो. माझं म्हणणं असं आहे की हा फ्लेक्स असा दिसतो, कारण त्याचा दर असा ठरतो.

फ्लेक्सच्या दुकानात भाव स्क्वेअर फुटाचा असतो. गल्लीगणिक बदलतो, पण साधारण १० ते २० रुपयांच्या मध्ये. १५ धरू. दहा बाय आठचा फ्लेक्स म्हणजे ८० फूट, १२०० रुपये. आणि दुकानाच्या काचेवर हमखास स्टिकर असतो: 'डिझाईन फ्री'.

हे दोन शब्द एकदा लिहिले की पुढचं सगळं आपोआप ठरतं. कोरलवर बसलेला मुलगा पगारी. त्याने एका फ्लेक्सवर वीस मिनिटं घालवली काय आणि चार तास घालवले काय, दुकानाला मिळणार १२०० रुपयेच. म्हणून मागच्या वर्षीची फाईल उघडायची, नाव बदलायचं, चेहरे बदलायचे. शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर गिऱ्हाईक बसलेलं असतं: "साहेबांना जरा मोठं कर." करतो. "इकडे मोकळं का ठेवलंय?" हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्याने ८० फुटांचे पैसे मोजलेत. कोऱ्या फुटाचा भावही १५ रुपयेच आहे. भाजीवाल्याने अर्धी पिशवी रिकामी दिली तर आपणही हेच विचारू.

शुभेच्छुकांचंही तसंच. खर्च बऱ्याचदा वाटून घेतलेला असतो, आणि ज्याने पैसे दिले त्याचा चेहरा लागलाच पाहिजे. तळाची ती ओळ वाचकासाठी नाहीच, ती पावती आहे. उत्सवमूर्तीजवळ कोण आणि कडेला कोण, हे पाहिलं की कोणाचं वजन किती तेही कळतं. पावतीपुस्तक म्हणून पाहिलं तर फ्लेक्स अगदी चोख आहे.

आता थोडं मागे जाऊ आणि ठाण्याला. गडकरी रंगायतन १९७८ सालचं. तिथे लागणाऱ्या नाटकांची नावं अनेक वर्षं लोकांनी आधी पाहिली ती वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत, आणि त्यांतली कितीतरी नावं कमल शेडगे यांच्या हातची होती. शेडगे २०२० साली गेले. टाइम्स समूहात काम करताना आणि बाहेरही त्यांनी मराठी नाटकांची शीर्षकं काढली, आणि ती अशी की अक्षरावरून नाटकाची जात कळावी. विनोदी आहे, ऐतिहासिक आहे, की घरात काहीतरी भयंकर घडणार आहे. बऱ्याचदा चित्र नाही, नटाचा फोटो नाही. दोन-चार शब्द आणि भोवती मोकळा कागद.

वर्तमानपत्रातही पैसे जागेचेच असतात. कॉलम किती, सेंटीमीटर किती, त्यावर बिल. मग जागेच्याच भावातून फ्लेक्सवर गर्दी आणि जाहिरातीत मोकळा कागद कसा? एक कारण सरळ आहे: वर्तमानपत्रातली जागा महाग, त्यामुळे निर्मात्याला प्रत्येक सेंटीमीटरचा विचार करावा लागे. फ्लेक्सची जागा इतकी स्वस्त की विचार करणंच महाग पडतं. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे अक्षर काढणारा वेगळा होता, छापणारा वेगळा. चित्रकाराचं काम छपाईच्या पोटात बक्षीस म्हणून घातलेलं नव्हतं. म्हणून त्याला 'इथे काही नको' असं म्हणता येत होतं. फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा हे कोणत्या तोंडाने म्हणणार?

फ्लेक्स सोडून मोबाईलच्या पडद्यावर आलं की वाटतं, इथे फूट नाहीत, सुटलो. माझा शाळेतला एक मित्र ठाकुर्लीला घरून डिझाईनची कामं करतो. कोटेशन पाठवण्याआधी मला दाखवतो, कारण मी इंजिनिअर, म्हणजे मला आकडे कळतात असा त्याचा समज. त्याचं जुनं पॅकेज होतं महिन्याला ३० पोस्ट, ६००० रुपये. म्हणजे पोस्टला २००. एका महिन्याच्या पोस्टी मी ओळीने पाहिल्या. दातांचा दवाखाना, क्लास आणि गाड्यांचं सर्व्हिस सेंटर अशी तीन गिऱ्हाइकं. तिघांचीही संक्रांत सारखीच: तिळगुळाची वाटी, पतंग, कोपऱ्यात लोगो. लोगो अदलाबदल केले असते तर तिघांपैकी कोणालाही पत्ता लागला नसता. माझा मित्र चांगला आहे, अक्षराचं त्याला वेड आहे. पण ३० हा आकडा पुरा करायचा तर दिवसाला एक काहीतरी लागतंच, मग कॅलेंडरच मजकूर पुरवतं. दातांच्या डॉक्टरांना महिन्यात ३० वेळा बोलण्यासारखं नसतं. कदाचित चार वेळा असतं. पण चार पोस्टींचं पॅकेज विकायला गेलं की शेजारचा ४० देतो.

मग तासाचा दर? माझ्या धंद्यात माणसाचे तासच विकले जातात, त्यामुळे मला तो आधी सोयीचा वाटला. पण तासाच्या दरात हात बसलेल्या माणसाचं नुकसान असतं. दहा वर्षांपूर्वी जो लोगो काढायला त्याला आठवडा लागला असता, तो आज दोन दिवसांत होतो, आणि बिल तेवढंच खाली येतं. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण नायकीचं. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने तासाला २ डॉलर दराने ती खूण काढली आणि ३५ डॉलरचं बिल लावलं. कंपनीने १९८३ मध्ये तिला शेअर दिले हे खरं, पण ते कंपनीच्या मर्जीने. बिलात त्याची सोय नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण तर रोज खिशात असतं. ५०० ची नोट उलटून पाहा. गांधीजींचा चष्मा, एका काचेत 'स्वच्छ', दुसरीत 'भारत'. हे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं. २०१४ साली सरकारने खुली स्पर्धा घेतली, ते निवडले गेले, बक्षीस ५०,००० रुपये. नोव्हेंबर २०१६ पासूनच्या नव्या नोटांवर ते छापलं जातंय. डिझाईन म्हणून ते मला उत्तम वाटतं. गांधी म्हणजे चष्मा ही ओळख आधीच आपल्या डोक्यात आहे, त्यात शब्द बसवायला दोन काचा आयत्या मिळतात, आणि नोटेवर एवढंसं झालं तरी ते ओळखू येतं. स्वस्त दर म्हणजे वाईट काम, असं माझ्या आतापर्यंतच्या बोलण्यावरून कोणी म्हणणार असेल तर या नोटेने ते खोटं पाडलंय.

खासबारदारांना फसवलं गेलं असंही मी म्हणणार नाही. अटी जाहीर होत्या. माझा आक्षेप स्पर्धेच्या दराला आहे. त्यात जिंकणाऱ्याला एक ठरावीक रक्कम मिळते आणि बाकी सगळ्यांच्या कामाचा भाव शून्य. सरकारने केलं म्हणून मग सोसायटी करते, मंडळ करतं, नवीन उघडलेला कॅफेही करतो: लोगो पाठवा, विजेत्याला प्रमाणपत्र. कल्याणपासून ठाण्यापर्यंत अप्लाइड आर्टची पोरं रात्री जागून ते पाठवतात.

फूट, नग, तास, बक्षीस या चारांत एक गोष्ट कुठेच मोजली जात नाही: ते चित्र पुढे कुठे, किती काळ, किती ठिकाणी वापरलं जाणार. गंमत म्हणजे कायदा नेमकं तेच विचारतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतःच असतो. पैसे घेऊन काढलेला फोटो, पोर्ट्रेट अशांचा नियम वेगळा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आपल्याकडे व्यवहार व्हॉट्सॲपवर, "ओपन फाईल पण पाठव ना" एवढ्यावर होतो. ओपन फाईल गेली की पुढच्या वर्षी तीच फ्लेक्सच्या दुकानात उघडते.

मी मित्राला म्हटलं, वापरावर दर लाव. तो म्हणाला, "माझी गिऱ्हाइकं नायकी नाहीत." खरंय. त्याच्याकडे तेव्हा एक काकू आल्या होत्या, पोळी-भाजी केंद्रवाल्या. बोर्ड आणि मेन्यूचे मिळून त्याला ८००० हवे होते. एका पोळीमागे दोन रुपये सुटतात असं धरलं तर त्या ४००० पोळ्या होतात. काकू कंजूष नाहीत, त्या फक्त पोळ्यांत मोजतात. डिझायनरांनी एकमेकांना सांगायच्या 'स्वतःची किंमत ओळखा' छाप भाषणांत या काकू कधीच नसतात, आणि डोंबिवलीतली निम्मी गिऱ्हाइकं त्याच आहेत.

शेवटी त्याने ३५०० लिहिले. खाली तीन ओळी: एकाच दुकानासाठी, दोन वेळा बदल, दुसरी शाखा काढली तर पुन्हा बोलू. छपाई काकूंनी कुठूनही करून घ्यावी, ते पैसे वेगळे. काकूंनी कागद वाचला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "गव्हाचा भाव वाढला की पोळीचा वाढतो. तेव्हा परत तुला पैसे द्यायचे का?"

बोर्ड मी पाहिला. 'एक टाइप'वाल्यांचा 'बालू' हा मोफत मिळणारा टाइप, गोल, जाड, पोळीला शोभणारा. पिवळ्यावर काळा, बाकी काही नाही. पदार्थांची नावं छापलेली आहेत आणि प्रत्येकापुढे एक पांढरी चौकट कोरी सोडलीय. काकू त्यात मार्करने भाव लिहितात आणि वाढला की ओल्या फडक्याने पुसतात.