देवयानीचें चित्र आणि त्याचा अर्थ
कृतीचा अर्थ कर्त्यासच अधिक कळतो काय? इंग्लंडांतील हौशी ज्योतिर्विद आयझॅक रॉबर्ट्स यांनीं १८८८ सालीं वीस इंची परावर्ती दुर्बिणीनें घेतलेलें देवयानी तेजोमेघाचें छायाचित्र पाहतांना हा जुना प्रश्न पुन्हां उभा राहतो. नुसत्या डोळ्यांना जेथें धूसर डाग दिसतो, तेथें काचेवर सर्पिल वलयें उमटलीं. रॉबर्ट्स यांना त्यांत जन्म घेणारी सूर्यमाला दिसली. १९२५ सालीं हबल यांच्या निरीक्षणांनीं ती दूरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. तथापि चित्रांतील एक रेषाही बदलावी लागली नाहीं. आजचा हौशी छायाचित्रकार शेंकडों प्रतिमा एकत्र करून रंग खुलवितो. त्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, रंगांत अभिरुचि असूं द्या; पण प्रकाशानें जें लिहिलें नाहीं, तें कुंचल्यानें लिहूं नका. चुकलेला अर्थ पुढें सुधारतां येतो, खोटी रेषा नाहीं.