चुऱ्याआडचं आंबट

खडकवासल्याच्या चौपाटीवर कुरकुरीत आणि आंबट शेजारीशेजारी विकलं जातं, पण एका घासात सहसा येत नाही. एका गाडीवर कढईत कांदा भजी उसळत असतात, पलीकडच्या टोपलीत हंगामाप्रमाणे कैरीच्या फोडी, आवळे किंवा करमळाच्या चांदण्या तिखटमीठ लावून मांडलेल्या असतात. माणूस आधी भज्यांपाशी थांबतो. तोंड तेलकट झालं की चार पावलं टाकून टोपलीकडे वळतो, आणि आंबटाने दात शिवशिवले की पुन्हा भज्यांची आठवण काढतो. धरणाच्या पाण्याकडे पाहत ही येरझार रविवारी संध्याकाळी हजारो लोक करतात.

ती चार पावलं वाचवणारा एक पदार्थ आता धायरी-नांदेड-किरकटवाडीच्या नव्या इमारतींमधल्या स्वयंपाकघरांत पोचण्याजोगा झाला आहे. खारवलेल्या काकडीच्या चकत्या पिठात घोळवायच्या, त्यांना ब्रेडचा चुरा लावायचा आणि एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत करून गरम खायच्या. वर्णन ऐकून कुणी नाक मुरडेल, तर ते साहजिक आहे. आपल्याकडे लोणचं ताटात डावीकडे, चिमूटभर वाढायचं असतं. त्याला ताटाच्या मध्यभागी आणून वर गरम करायचं, हे ऐकायलाच आगाऊ वाटतं. तरीही पदार्थ नीट, सावकाश, थरामागून थर असा चाखला तर त्यात बरंच काही सापडतं.

मूळ अमेरिकेचं. अर्कान्सा राज्यातल्या ॲटकिन्स नावाच्या छोट्या गावात बर्नेल ऑस्टिन नावाच्या माणसाने 1963 साली आपल्या रस्त्याकाठच्या खाणावळीत काकडीच्या लोणच्याच्या चकत्या तळून विकायला सुरुवात केली, असं तिथे सांगतात. गावात लोणच्याचा कारखाना होता; गिऱ्हाइकांना रोजच्या ओळखीची वस्तू त्याने नव्या रूपात दिली. गंमत अशी की त्या जातीची बोटाएवढी काकडी, घेरकिन, आज मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशातून जगभर जाते. 1990च्या दशकापासून कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र-तेलंगणाचे शेतकरी ती करारावर पिकवतात, आणि मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भरलेली पिंपं बंदरांकडे निघतात. आपण मात्र तिला ओळखतो ती बर्गरमधली हिरवी चकती म्हणून. पोरं ती हळूच काढून कागदावर ठेवून देतात. त्या टाकून दिलेल्या चकतीला मुख्य पात्र करणारा हा पदार्थ आहे, आणि मला त्याबद्दल आपुलकी वाटण्याचं निम्मं कारण तेच आहे.

आता पदार्थाचं वाचन बाहेरून आत करू. सगळ्यात बाहेर चुरा. बेकरीतला साधा टोस्ट मिक्सरमधून भरड काढला तर उत्तम, कारण तो आधीच एकदा भाजून कोरडा झालेला असतो. पण टोस्टमध्ये थोडी साखर असते, त्यामुळे तो शिळ्या पावाच्या चुऱ्यापेक्षा लवकर लाल होतो आणि नजर हटली की काळाही. मासे तळताना कोकणात लावतात तो रवा इथे तेवढा रंगत नाही. तव्यावरच्या तेलात रवा खमंग होतो. नुसत्या गरम हवेत तो पांढुरका आणि कचकचीत राहतो. चुऱ्याला चमचाभर तेल चोळून घेतलं तर मात्र चित्र बदलतं. भज्यांच्या पिठात कडकडीत तेलाचं मोहन घालणाऱ्या हाताला हे वेगळं सांगावं लागणार नाही. तेल फार नको, पण अजिबात नको म्हणणाऱ्याने ह्या वाटेला जाऊ नये. बिनतेलाचा चुरा तोंडात नुसता कोरडा भुगा होतो.

चुऱ्याच्या आत घोळ. अंडं चालत असेल तर फेटलेलं अंडं, नाहीतर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून केलेली पातळ पेज. त्याचं काम चिकटवण्यापुरतं. त्याच्याही आत तांदळाच्या पिठाचा किंवा मैद्याचा कोरडा हात. हा सगळ्यात आतला, न दिसणारा थर मला ह्या रचनेतला सगळ्यात हुशार थर वाटतो. काकडीत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि खारात मुरलेल्या चकतीला तर बाहेरूनही पाझर फुटलेला असतो. कोरडं पीठ तो पाझर पिऊन घेतं. ते नसेल तर उष्णतेने काकडीतून निघणारी वाफ चकती आणि कवच यांच्या मध्ये अडकते, आणि पहिल्या चाव्याला आतली काकडी निसटून कवच सैल उशीच्या अभ्र्यासारखं हातात राहतं. म्हणून आधी चकत्या फडक्यावर पसरून, वरून दुसरं फडकं दाबून टिपायच्या, मग पीठ, मग घोळ, मग चुरा, आणि मग दहा मिनिटं फ्रिजमध्ये विसावा. मीठ कुठल्याच थरात घालायचं नाही. ते आत भरपूर आहे.

इथे चौपाटीवरच्या भज्यांशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. चांगल्या खेकडा भज्याच्या पिठात पाणी घालत नाहीत. उभा चिरलेला कांदा मीठ लावून ठेवतात, त्याला जे पाणी सुटतं त्यातच बेसन भिजतं. म्हणजे तिथे मीठ पाणी बाहेर काढतं आणि ते पाणी कामाला येतं. इथे मिठाने बाहेर काढलेलं पाणी शत्रू आहे, ते टिपून टाकल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. तीच दोन द्रव्यं, कामं अगदी उलट. शिवाय भज्यांचं ओलं पीठ एअर फ्रायरच्या जाळीवर टाकलं तर ते घट्ट होण्याआधीच जाळीतून खाली गळतं. तेलात पडलेल्या भज्याला तेल सगळ्या बाजूंनी एकदम धरतं आणि क्षणात कड बांधते. हवेच्या अंगात ती ताकद नाही. म्हणून ह्या यंत्रासाठी भजी नव्हे, चुऱ्याचं कोरडं कवचच योग्य. पदार्थाची निवड यंत्राने केली आहे, असंही म्हणता येईल.

यंत्र तसं साधं. वर तापणारी तार, तिच्यामागे पंखा, खाली जाळीचा खण. 2010 साली फिलिप्स कंपनीने एअर फ्रायर बाजारात आणला तेव्हा नावात तळणं होतं, पण आत चालते ती जोरात फिरणाऱ्या गरम हवेची भट्टी. दोनशे अंशांवर चकत्या एकमेकींना न टेकता एका थरात मांडायच्या, आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. टेकल्या की टेकलेल्या जागी वाफ कोंडते आणि तेवढा भाग मऊ राहतो. कढईशी तुलना करता एक गोष्ट हरवते, आणि ती छोटी नाही. भजी तळणारी बाई कानाने तळते. तेलात पडल्यावरचा फसफसाट म्हणजे पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याचा आवाज. तो उतरत गेला की पाणी संपत आलं, झारा आत घालायची वेळ झाली. पंख्याच्या एकसुरी घरघरीत ह्यातलं काहीच ऐकू येत नाही. खण ओढून पाहायचं, रंग पाहायचा, परत ढकलायचा. कानाचं काम डोळ्यांवर ढकललं जातं. सोय झाली हे कबूल, पण स्वयंपाकातलं एक ज्ञानेंद्रिय रिकामं बसलं.

मग पहिला घास. आधी आवाज, मग चुऱ्याचा गोडसर भाजका स्वाद, आणि त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या क्षणाच्या अंतराने, गरम आंबट. हे अंतरच पदार्थाचं मर्म आहे. थंड लोणचं जिभेला लागताक्षणी सगळं सांगून टाकतं. इथे कवच त्याला थोपवून धरतं. जिभेची समजूत होते की हे कटलेटच्या जातीतलं काही आहे, आणि नेमकी तेव्हा काकडी फुटते. व्हिनेगरमधली काकडी असेल तर आंबट जिभेआधी नाकात जातं, कारण व्हिनेगरमधलं आम्ल तापलं की वाफेबरोबर उडतं. गरम चकती तोडताना ठसका लागतो तो त्याचाच. नुसत्या मिठाच्या पाण्यात चार दिवस आंबवलेल्या काकडीत दह्याच्या जातीचं आम्ल असतं. ते उडत नाही, म्हणून ती तापल्यावरही सौम्य, गोलसर लागते. मला दुसरी आवडते. पहिली पहिल्याच भेटीत सगळी चुणूक दाखवते. दुसरी तिसऱ्या-चौथ्या चकतीला कळायला लागते. तिच्या पाण्यात दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि मोहरीचे थोडे दाणे टाकले की तिला आपल्याकडची बोली येते.

आता नाक मुरडणाऱ्यांसाठी. आंबट-खारट वस्तू मुरवायची आणि मग कुरकुरीत करायची, ही कल्पना आपल्या घरात अगदी जुनी आहे. ताकातली मिरची, जिला सांडगी मिरचीही म्हणतात, ती दुसरं काय आहे? मिरचीला चीर द्यायची, आत मीठ, धने, मेथी, हिंग असला मसाला, मग आंबट ताकात मुरवायची, उन्हात वाळवायची, परत ताकात, परत उन्हात. उन्हाळाभर बरणीत भरून ठेवलेली ती मिरची पावसात दहीभाताबरोबर तळली की काळपट, कुडकुडीत, आत खारट-आंबट अशी उतरते. तमिळ घरांत तीच मोर मिळगाय. फरक पाण्याची वाट लावण्याच्या पद्धतीत आहे. आपण ऊन वापरून मिरचीलाच कोरडं करतो, म्हणून तिला कवच लागत नाही. मिरची स्वतःच कुरकुरीत होते. काकडीला वाळवलं तर हाती नुसतं साल आणि बिया राहतील. तिचं पाणी हीच तिची गंमत, ते आत ठेवून बाहेर कोरडं हवं, तर चुरा लागणारच. ऊन नाही तिथे चुरा. एवढं लक्षात आलं की परका वाटणारा पदार्थ मिरचीच्या नात्यात येऊन बसतो.

खडकवासल्यात मात्र ह्या पदार्थाला एक वैरी आहे, तो म्हणजे आषाढातली हवा. समोर जलाशय, पलीकडे सिंहगडाचा डोंगर ढगात गेलेला, मुठेचं पाणी सोडलेलं, आणि हवेत इतका ओलावा की खारी बिस्किटं डब्याबाहेर तासभर टिकत नाहीत. कवचाला दोन्हीकडून पाणी मिळतं: आतून काकडीचं, बाहेरून हवेचं. खणातून काढल्यावर पाच-सात मिनिटं उत्तम, दहाव्या मिनिटाला बरं, नंतर बोलू नये. काढलेल्या चकत्या ताटलीत रचल्या तर खालच्या थराचं मरण त्याहून आधी. जाळीवरच ठेवाव्यात आणि जाळीवरूनच उचलाव्यात. चौपाटीवरच्या भज्यांना ही चिंता नसते, कारण कढई आणि खाणारा यांच्यात हातभराचं अंतर असतं. भज्यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही. इथल्याच केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्रात 1916 पासून चालत आलेल्या परंपरेनुसार पाण्याच्या वागणुकीचा अभ्यास होतो, नद्यांच्या आणि धरणांच्या छोट्या प्रतिकृती करून. चकतीतून निघालेली वाफ नेमकी कुठे जाते, हाही त्याच विषयाचा अगदी बारका कोपरा म्हणायला हरकत नाही. 1961च्या 12 जुलैला पानशेत धरण फुटून खडकवासल्याचं धरणही फुटलं, त्या गावाला पाण्याला वाट न ठेवण्याचे परिणाम कुणी समजावून सांगायला नकोत.

सोबत काय घ्यावं ह्यावर घरात मतभेद होतात. अमेरिकेत ताक-अंड्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून खातात. आपल्याकडे टांगलेलं घट्ट दही, त्यात फेसलेली मोहरी आणि चिमूटभर साखर, मीठ अजिबात नाही, हे त्याहून चांगलं जमतं. मोहरीचा झणका आणि काकडीचा आंबटपणा एकमेकांना ओळखतात. हिरवी चटणी नको. आंबटावर आंबट, आणि कवच भिजतं. टोमॅटो सॉसविषयी मी बोलणार नाही.

काकडी सोडून आपली नेहमीची लोणची चालतील का, हा प्रश्न येतोच. खारातल्या कैऱ्या, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यातल्या, चालतात, आणि माझ्या मते काकडीपेक्षा सरस लागतात. फक्त अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून खार उतरवायचा आणि फोडी जाड ठेवायच्या. गोव्याकडची मिठात दाबलेली बाळकैरीही ह्याच पंगतीतली. मसाल्याच्या तेलातल्या कैरीचं मात्र काही खरं नाही. तेलामुळे पीठ धरत नाही, आणि दोनशे अंशांवर मेथी कडू होऊन सगळ्यावर बसते. तिला धुऊन मसाला काढायचा, तर मग ते लोणचं कशाला घालायचं? लिंबाचं गोड लोणचं तर लांबच ठेवावं. त्यातला गूळ किंवा साखर चुरा लाल होण्याआधी जळते आणि जाळीला अशी चिकटते की दुसऱ्या दिवशी घासणाऱ्याचे शिव्याशाप लागतात. ते थालीपिठाबरोबर, थंड, बरणीतून थेट.