सुटीतला साहेब आणि सुरतेचे घुमट

परक्यांची अमदानी मुलांना खेळांतून समजावून द्यावी, ही कल्पना मुळात वाईट नव्हे. परंतु सुटीतल्या उपक्रमांत एक मुलगा पुठ्ठ्याची टोपी घालून साहेब होतो, दुसरा त्याचा पट्टेवाला होतो, आणि चार इंग्रजी हुकूम घोकून खेळ संपतो, तेव्हा मुले शिकतात काय? साहेब होणे मौजेचे आणि पट्टेवाला होणे कमीपणाचे, एवढेच. हा धडा तर त्या अमदानीनेच आपल्याला दिला होता.

सुरतेत अशा सोंगाची गरजच नाही. येथील महानगरपालिकेच्या मराठी शाळेतील मुलाला हे शहर इतिहासात भेटते ते १६६४ च्या लुटीमुळे. त्या वेळी इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याचे व त्याच्या भावाचे दुमजली थडगे येथील इंग्रजी दफनभूमीत आहे. मुलांकडून त्याचे चित्र काढवून घ्यावे आणि विचारावे : इंग्रजाच्या थडग्यावर मुसलमानी धाटणीचा घुमट का? त्या काळी इंग्रज येथील राज्यकर्ते नव्हते, मोगल बादशहाच्या परवान्यावर राहणारे व्यापारी होते, या उत्तराकडे मुलांना सहज नेता येईल.

डच दफनभूमीतील हेंड्रिक व्हान रीडे याचे थडगे आम्हांस याहून महत्त्वाचे वाटते. हा मलबारातील डच अधिकारी १६९१ साली वारला. त्याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथाचा पहिला खंड १६७८ साली निघाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्र छापलेले आहे. घुमट पाहणाऱ्या मुलाला ही तीन नावे कोणी सांगितली नाहीत, तर ज्ञान साहेबाचे आणि सेवा आपली, हा समज त्याच्या मनात पक्का होईल.

भाषेचा धडा घरीच आहे. चावी, पगार, बटाटा हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द थोड्याफार उच्चारभेदाने मराठी, कोंकणी व गुजराती या तिन्ही भाषांत नांदतात. मुलाने ते आजीकडून, शेजाऱ्यांकडून, दुकानदाराकडून ऐकावेत व वहीत तीन रकाने करून मांडावेत. परका शब्द आपण कसा वळवून घेतला, हे त्याला तेथे दिसेल.

उपक्रम योजणाऱ्यांना हे कष्टाचे वाटेल. टोपी शिवणे सोपे असते. पण सुटी संपल्यावर मुलाजवळ टोपी उरावी की प्रश्न, याचा निर्णय त्यांनीच करावयाचा आहे.