तीन वर्तुळं एका बिंदूत भेटतात, हे कुणी सांगितलं?

भूकंपाचं अपिकेंद्र कसं शोधतात, असं मुलाखतीत विचारलं की बहुतेक विद्यार्थी एकच आकृती काढतात. नकाशावर तीन स्टेशन, तीन वर्तुळं, आणि तिन्ही वर्तुळं जिथे छेदतात तो बिंदू. झालं उत्तर. पण त्यावर 'खोली किती?' असा पुढचा प्रश्न आला की पेन थांबतो. माझं म्हणणं असं की यात दोष विद्यार्थ्यापेक्षा आकृतीचा जास्त आहे. संशोधनात उतरणाऱ्यांनी ती एकदा नीट तपासून घ्यायला हवी.

आधी तिची चांगली बाजू. समजा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत एक भूकंपमापक असता. किल्लारी तिथून सरळ रेषेत साधारण 170 किलोमीटर. कवचात प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर जातात, दुय्यम लहरी सुमारे 3.5. म्हणजे पहिली लहर 28 सेकंदांनी पोचली असती, दुसरी 48-49 सेकंदांनी. मधलं अंतर 20 सेकंद. आता उलट जा: या वेगांना मधल्या प्रत्येक सेकंदामागे साधारण 8.4 किलोमीटर धरायचे, की आले 168. भूकंप नेमका कधी झाला हे माहीत नसतानाही अंतर मिळालं! ही कल्पना खरंच सुंदर आहे आणि शाळेत ती शिकवायलाच हवी.

आता तक्रारी.

पहिली: दुय्यम लहर कागदावर ठळक उडी मारून येत नाही. ती प्राथमिक लहरीच्या शेपटात मिसळून येते. ती वाचताना एका सेकंदाची चूक झाली तर अंतर 8 किलोमीटरनी चुकतं. म्हणजे वर्तुळाची रेघ बारीक नसतेच, तो जाड पट्टा असतो. तीन पट्टे बिंदूत भेटत नाहीत, एक वेडावाकडा तुकडा तयार करतात. त्या तुकड्याचा आकार हाच खरा निष्कर्ष, आणि पुस्तक नेमका तोच पुसून टाकतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मिळालेलं अंतर जमिनीवरून मोजलेलं नसतं. ते नाभीपर्यंतचं, तिरकं असतं. त्यामुळे वाचन अगदी अचूक असलं तरी नकाशावर काढलेली वर्तुळं थोडी मोठीच येतात आणि एकमेकांवर चढतात. लांबून पाहिलं तर हा फरक किरकोळ असतो, आणि खोलीची सगळी अडचण तिथेच आहे. स्वतः करून बघा. स्टेशन 100 किलोमीटरवर असेल तर नाभी 5 किलोमीटर खोल की 10, याने प्राथमिक लहरीच्या वेळेत फक्त 0.06 सेकंदाचा फरक पडतो. वाचनातली चूकच त्याहून मोठी असू शकते. स्टेशन 8 किलोमीटरवर असेल तर हाच फरक 0.56 सेकंद होतो. थोडक्यात, खोली हवी तर जवळ स्टेशन हवं. कितीही हुशार सॉफ्टवेअर आणा, याला पर्याय नाही.

किल्लारीत याचीच किंमत कळली. 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथे हादरे जाणवत होते, लोक घाबरलेले होते, पण गावांभोवती उपकरणांचं दाट जाळं नव्हतं. पुढच्या वर्षी 6.2 तीव्रतेच्या भूकंपात सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यानंतर तात्पुरती स्टेशन बसवली गेली, आणि पश्चात-धक्क्यांवरून हालचाल कवचाच्या वरच्या काही किलोमीटरांतच असल्याचं दिसलं. दाट जाळं आधी असतं तर भूकंप टळला नसता, भाकीतही झालं नसतं. पण हादरे किती खोलवरून येताहेत, एका रेषेवर येताहेत का, एवढं तरी विचारता आलं असतं. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाशी भूकंपाचा संबंध आहे का, या वादातही खोलीचा प्रश्न मध्यवर्ती आहे. कोयनेत 1967 च्या मोठ्या भूकंपाआधीच धरणाच्या परिसरात भूकंपमापक बसले होते, म्हणून तिथली चर्चा वेगळ्या पायावर सुरू झाली.

तिसरी तक्रार बातम्यांबद्दल, आणि थोडी आपल्याबद्दलही. 2024 मध्ये 21 मार्च आणि 10 जुलै अशा दोन दिवशी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. दोन्हींची जाहीर खोली: 10 किलोमीटर. जगभरच्या अनेक संस्था खोली नीट ठरत नसेल तेव्हा 10 हा आकडा धरून चालतात. इथेही तसंच झालं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण 'हा आकडा मोजलेला की धरलेला?' हे न विचारता तो आपल्या तक्त्यात घालणं म्हणजे संशोधन नव्हे, नक्कल.

मग करायचं काय? आकृतीनंतर लगेच गायगरची पद्धत वाचा. 1910 च्या सुमाराची आहे आणि आजच्या बऱ्याच प्रणालींच्या मुळाशी तीच आहे. अक्षांश, रेखांश, खोली आणि वेळ असे चार अज्ञात धरायचे, एक अंदाज करायचा, प्रत्येक स्टेशनवर लहर कधी पोचायला हवी ते काढायचं, प्रत्यक्ष वेळेशी फरक बघायचा आणि तो कमी होईपर्यंत अंदाज सरकवत राहायचं. वर्तुळ कुठेच नाही. आणि प्रत्येक उत्तरासोबत त्याची अनिश्चितता येते.

कुठलाही कॅटलॉग उघडला की चार गोष्टी बघायची सवय लावा: सगळ्यात जवळचं स्टेशन किती लांब, स्टेशन चहूबाजूंनी आहेत की एकाच बाजूला, उरलेला फरक किती, आणि वेगाचं मॉडेल कुठलं. शेवटची बाब मराठवाड्यात विसरू नका. भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या 617 मीटर खोल बोअरमध्ये बेसॉल्टचा थर 338 मीटरच निघाला, खाली जुना ग्रॅनाइटी खडक. दख्खनच्या पठारावर सगळीकडे ही जाडी सारखी नाही. दुसऱ्या प्रदेशाचं मॉडेल इथे उचलून लावलं तर चूक प्रत्येक स्टेशनवर एकाच दिशेने साचू शकते, आणि उत्तर मात्र छान नेटकं दिसतं.

तीन वर्तुळांची आकृती फाडून टाका असं मी म्हणत नाही. फक्त पुढच्या वेळी ती काढाल तेव्हा रेघा जाड काढा, आणि मधला तुकडा रंगवून 'अपिकेंद्र यात कुठेतरी' असं लिहा. खोलीचा प्रश्न आला तर आधी विचारा, सगळ्यात जवळचं स्टेशन किती लांब आहे?