आधी छळ, मग भेट

नाशिकरोडला एका प्राध्यापक मित्राच्या घरी 'एन्क्वेन्त्रोस' ऐकली. फ्लामेंको गायक एल लेब्रिहानो याने मोरोक्कोतील टँजियरच्या अंदालुसी वाद्यवृंदाबरोबर १९८५ साली काढलेली ही ध्वनिमुद्रिका. नावाचा अर्थ 'भेटी'. मित्र म्हणाला, "बघा, अरबी आणि स्पॅनिश कसे एकजीव झाले! तुम्ही मात्र अजून विद्रोहच धरून बसलात."

या 'एकजीव' शब्दाशी माझे भांडण आहे.

ऊद, व्हायोलिने आणि समूहगायक एकाच स्वरावलीवरून चालतात. गायकाचा सूर भैरवीच्या जवळचा. मध्येच शुद्ध गंधाराला स्पर्श करून तो वळतो, तेव्हा ऊद त्याला जणू ओळखतो. हे फार सुंदर आहे. पण तो फाटका, खरबरीत आवाज वृंदात विरघळत नाही. काही ठिकाणी समूहगान त्याला गोड करू पाहते. तेवढा भाग मला मेजवानीतल्या गाण्यासारखा वाटला.

लेब्रिहानो गिटानो होता. शतकांपूर्वी आपल्याच उपखंडातून पश्चिमेकडे गेलेल्या रोमा लोकांपैकी. त्यांच्या बोलीत पाण्याला 'पानी'च म्हणतात. १४९९ च्या राजाज्ञेने त्यांना बजावले, धनी धरा नाहीतर देश सोडा. १७४९ साली एकाच मोहिमेत हजारो गिटानो पकडले गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच ज्या पारध्यांनी भोगला, त्यांच्या वस्तीत हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आणि समोरचा वाद्यवृंद? १६०९ पासून स्पेनने ज्या मोरिस्कोंना हाकलले, त्यांच्याही आठवणी जपणाऱ्या परंपरेतला. म्हणजे ही भेट स्पेन आणि अरबस्तानाची नव्हे, एकाच सिंहासनाने झोडपलेल्या दोघांची आहे.

मित्राला ठाऊक नव्हते ते असे की याच गायकाने १९७६ साली 'पेर्सेकुसिओन', म्हणजे 'छळ', गायला होता. त्याच वर्षी गिटानो कवी होसे एरेदिया माया याने 'कामेलामोस नाकेरार', 'आम्हाला बोलायचे आहे', रंगमंचावर आणले. तेतुआनच्या वाद्यवृंदाबरोबरचे त्याचे 'माकामा होन्दा' १९८३ चे. दोघांनीही आधी जाब विचारला, मग हात पुढे केला. आपल्याकडे समन्वयाचे आमंत्रण आधी येते आणि जाब विचारणाऱ्याला बेसूर ठरवले जाते.

खरे तर सिन्नरच्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांच्या या जिल्ह्यात अशा भेटीचे नवल का वाटावे? भीमजयंतीच्या मांडवात कव्वालीचा मुकाबला आपण लहानपणापासून ऐकला. तो बाज आपल्या गायकांनी कोणाची परवानगी न घेता उचलला, आणि त्यात जातीचा जाब विचारला. त्याला 'संस्कृतिसंगम' म्हणून कोणी तिकीट लावले नाही.

'पेर्सेकुसिओन' मी मित्राला ऐकायला दिली आहे. महिना झाला, त्याने अजून तो विषय काढलेला नाही.