वायुसंवेदकाचा प्रतिसादकाल आणि इंजिन-उत्सर्जन चाचणी : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजेच व्हीआरडीई, ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये मान्यता असलेल्या चाचणी संस्थांपैकी एक आहे. नव्या वाहनाच्या प्रकाराला मान्यता देण्याचे काम अशा संस्थांमध्ये चालते, तर रस्त्यावरच्या वाहनांची तपासणी जिल्हाभरातील पीयूसी केंद्रांवर होते. वायुसंवेदकांचा अभ्यास आणखी एका ठिकाणी होतो, ते म्हणजे महाविद्यालयांचे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र विभाग. महाराष्ट्रातील अनेक विभागांत टिन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांच्या जाड थरांवर काम झाले आहे आणि 'वाहनांच्या धुरासाठी उपयुक्त, जलद प्रतिसादाचा संवेदक' हे वाक्य अशा शोधनिबंधांच्या शेवटी बहुधा येतेच. ह्या 'जलद' शब्दाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विलंब आणि विरूपण

प्रतिसादकाल हा एकच आकडा समजला जातो. वस्तुतः त्यात दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. वायू नळीतून संवेदकापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ हा विलंब होय. वायू पोहोचल्यावर वाचन १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत चढण्यास लागणारा वेळ हा चढणकाल होय. विलंब ठाऊक असेल तर नोंदी तेवढ्या सेकंदांनी मागे सरकवता येतात. चढणकालाचे तसे नाही. त्यात लाटेचा आकारच बदलतो. २ सेकंद कालस्थिरांकाच्या साध्या संवेदकापुढून १ सेकंदाची लाट गेली, तर त्याचे वाचन खऱ्या उंचीच्या सुमारे ३९ टक्क्यांपर्यंतच चढते.

हा मंदपणा कोठून येतो, हे साध्या गणिताने दिसते. ४ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या ५ मीटर नळीत सुमारे ६३ मिलिलिटर वायू मावतो. मिनिटाला ५ लिटर प्रवाह असल्यास तो पाऊण सेकंदात पुढे जातो. परंतु वाटेत २०० मिलिलिटरचा पाणी साठवणारा बाऊल असेल, तर तेथे जुना-नवा वायू मिसळतो आणि त्या एकट्या भांड्याचा कालस्थिरांक सुमारे २.४ सेकंद होतो. अशा मांडणीत संवेदकाचा थर कितीही चपळ केला तरी फरक पडणार नाही. भांडे लहान करणे, प्रवाह वाढवणे, गाळणी बदलणे ही कामे निबंधाला विषय पुरवत नाहीत, म्हणूनच कदाचित ती मागे पडतात.

प्रयोगशाळेतील आकडा

संवेदकावरील निबंधांत काचेच्या बंद घुमटाखाली ठरावीक वायू सोडून ९० टक्के प्रतिसादाचा वेळ मोजण्याची पद्धत रूढ आहे. घुमटात वायू पसरण्यास लागणारा वेळही त्यात येतो, त्याची वजाबाकी क्वचितच होते. उलट, पूर्वस्थितीवर येण्याचा वेळ प्रतिसादकालाच्या कित्येक पट असला तरी सारांशात त्याला जागा मिळत नाही. इंजिनात मात्र एका लाटेमागून दुसरी येते. न उतरलेल्या संवेदकावर ती चढली की दोन्ही नोंदी बिघडतात. शिवाय पेट्रोल इंजिनाच्या धुरात १२-१३ टक्के पाण्याची वाफ असते आणि धातू-ऑक्साइडचे थर आर्द्रतेला प्रतिसाद देतात. कोरड्या हवेतले ५ सेकंद धुरात ५ सेकंदच राहतील, असे मानण्यास आधार नाही.

गती कोठे हवी

पिशवीत धूर साठवून सरासरी काढण्याच्या पद्धतीत विश्लेषकाच्या गतीला फारसे महत्त्व नसते. ११८० सेकंदांचे चालनचक्र संपल्यावर पिशवीतील वायू सावकाश मोजता येतो. भारत स्टेज-६ मानकांनुसार १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन चाचणी बंधनकारक झाली, तेथे परिस्थिती पालटते. दर सेकंदाची वायूची तीव्रता त्याच सेकंदाच्या धूरप्रवाहाने गुणावी लागते. समजा, प्रवेगाच्या २ सेकंदांत तीव्रता १०० वरून १००० पीपीएम झाली आणि प्रवाह सेकंदाला ५ वरून ३० ग्रॅम झाला. नोंद २ सेकंद उशिरा जुळली, तर ४ सेकंदांचा गुणाकार ६१,००० ऐवजी १६,००० येतो. प्रदूषणाचा तीन-चतुर्थांश भाग कागदावरून नाहीसा होतो आणि ह्यात कोणी लबाडी केलेली नसते. अवजड वाहनांच्या इंजिनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत संपूर्ण प्रणालीचा प्रतिसादकाल १० सेकंदांपर्यंत, चढणकाल २.५ सेकंदांपर्यंत अशा दोन वेगळ्या मर्यादा आहेत, त्या ह्याचमुळे.

गणिती उपायही आहे. वाचनात त्याच्या बदलाचा दर कालस्थिरांकाने गुणून मिळवला, तर मूळ लाट बऱ्याच अंशी परत मिळते. परंतु बदलाचा दर काढताना उपकरणातील गोंगाटही वाढतो. पुसलेली माहिती गणित निर्माण करू शकत नाही, ही मर्यादा उत्साही निबंधांत नोंदवली जात नाही.

जेथे गती नको

डिझेल वाहनांची पीयूसी चाचणी मुक्त प्रवेगाने, म्हणजे भाराशिवाय अॅक्सिलरेटर झटक्याने दाबून होते. भारत स्टेज-४ पूर्वीच्या वाहनांना प्रकाशशोषणांकाची मर्यादा प्रतिमीटर २.४५ आहे. आंतरराष्ट्रीय नियम क्र. २४ मध्ये धूरमापकाच्या विद्युतमंडलाचा प्रतिसादकाल ०.९ ते १.१ सेकंद असावा, असे सांगितले आहे. त्याला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. अर्ध्या सेकंदाची ३.० ची लाट अशा मापकावर सुमारे २.१ दिसेल आणि वाहन उत्तीर्ण होईल. अतिजलद मापकावर तेच वाहन नापास ठरेल. मर्यादेचा आकडा त्या मंद मापकासह ठरलेला असल्याने केवळ मापक बदलणे म्हणजे न सांगता कायदा बदलणे होय. गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर ऊस ओढणारा जुना ट्रक भाराखाली किती धूर सोडतो, हे तर ही चाचणी जलद मापकानेही सांगू शकत नाही.

पेट्रोल वाहनांची चाचणी इंजिन मोकळे चालू ठेवून होते. ओआयएमएल आर-९९ मध्ये पहिल्या वर्गाच्या उपकरणाला कार्बन मोनॉक्साइडचे वाचन ९५ टक्क्यांपर्यंत नेण्यास १५ सेकंद दिले आहेत. वाचन स्थिर होईपर्यंत थांबले तर एवढी गती पुरेशी आहे. नळी धुराड्यात घालून काही सेकंदांतच आकडा उतरवून घेतला, तर ०.५ टक्क्याची मर्यादा ओलांडणारे वाहनही सहज उत्तीर्ण होईल. तेथे संवेदकाच्या थरापेक्षा आकडा कोणत्या क्षणी गोठवायचा, हे ठरवणाऱ्या संगणकप्रणालीची तपासणी अधिक निकडीची आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला तो विषय पुरेसा मोठा आहे.